किल्ला, कर्ज आणि झोंबी

हैतीचा प्रवास उत्तरेतून करावा, असं माझं मत आहे. त्याचं एक कारण व्यवहारी आहे. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा बहुतेक भाग सशस्त्र टोळ्यांच्या ताब्यात गेला आहे आणि २०२४ च्या अखेरीपासून तिथे अमेरिकी प्रवासी विमानं उतरेनाशी झाली. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. उत्तर किनाऱ्यावरच्या काप-आयिस्यें या शहराभोवतीच्या टापूत या देशाचा जवळपास सगळा इतिहास दाटीवाटीने बसला आहे. गुलामांचा उठाव जिथे ठरला ते बुआ कायमाँ, फ्रेंचांशी शेवटची लढाई झाली ते व्हेर्तिएर, पहिल्या आणि शेवटच्या राजाचा उद्ध्वस्त वाडा, त्याच्या वरच्या डोंगरमाथ्यावरचा अवाढव्य किल्ला आणि कुंपण घालून क्रूझच्या पर्यटकांसाठी राखलेला लाबादीचा किनारा, हे सगळं त्या टापूत आहे. या ठिकाणांचा क्रम लावताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली, आणि तीच इथे मांडायची आहे. हैतीचं जे चित्र जगाने रंगवलं आणि हैतीशी जगाने जो व्यवहार केला, ती एकाच वहीची दोन पानं आहेत. या देशाकडून काही घ्यायचं असेल किंवा त्याला काही नाकारायचं असेल, तेव्हा तेव्हा त्याचं एक भयाण चित्र हाताशी तयार असतं.

काप-आयिस्यें एके काळी काप-फ्रांसे होतं आणि फ्रेंच त्याला कॅरिबियनमधलं पॅरिस म्हणत. ते वैभव शहराच्या दक्षिणेला पसरलेल्या सपाट मैदानावर पिकत होतं. १६९७ च्या करारानंतर हिस्पॅनिओला बेटाचा पश्चिम भाग अधिकृतपणे फ्रान्सकडे आला, आणि पुढच्या शंभर वर्षांत सां-दोमँग ही जगातली सर्वांत किफायतशीर वसाहत बनली. १७८९ च्या सुमारास युरोपात खपणाऱ्या साखरेचा साधारण चाळीस टक्के वाटा आणि कॉफीचा निम्म्याहून मोठा वाटा इथून जात होता. हा माल पिकवणारे गुलाम पाच लाखांच्या घरात होते आणि गोऱ्यांची संख्या त्यांच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी होती. यापेक्षाही बोलका हिशोब मृत्यूंचा आहे. उसाच्या मळ्यांवर जन्मापेक्षा मृत्यू जास्त होत. त्यामुळे माणसांचा साठा टिकवण्यासाठी आफ्रिकेतून सतत नवी माणसं आणावी लागत, आणि १७८० च्या दशकात ही आवक वर्षाला तीस-चाळीस हजारांवर गेली होती. माणूस वाढवण्यापेक्षा झिजवून नवा विकत घेणं मळेवाल्यांना स्वस्त पडत होतं. हैतीची कथा 'गरिबी'पासून सुरू करणारे लेखक हा आरंभ वगळतात. पैसा इथे होता, अमाप होता. तो इथे राहण्यासाठी नव्हता, एवढंच.

ऑगस्ट १७९१ मध्ये बुआ कायमाँच्या जंगलात बुकमन या पुढाऱ्याच्या उपस्थितीत एक धार्मिक विधी झाला, काही दिवसांतच मैदानातले मळे पेटले आणि बारा वर्षांचं युद्ध सुरू झालं. त्यातून तूसँ लूव्हर्त्यूर हा एके काळचा गुलाम सेनापती म्हणून पुढे आला. १७९४ मध्ये पॅरिसने गुलामगिरी रद्द केली, पण ती मुळात इथल्या लढ्याने रद्द करवून घेतली होती. नेपोलियनने ती परत आणण्यासाठी आपल्या मेहुण्याच्या हाताखाली प्रचंड सैन्य पाठवलं, तूसँला दग्याने पकडलं आणि थंडगार ज्युरा डोंगरातल्या तुरुंगात एप्रिल १८०३ मध्ये मरू दिलं. त्यानेही काही साधलं नाही. १८ नोव्हेंबर १८०३ ला व्हेर्तिएरला फ्रेंच हरले आणि १ जानेवारी १८०४ ला सेनापती देसालिनने गोनाईव्ह गावी स्वातंत्र्य जाहीर केलं. फ्रेंच तापाने मेले, लढाईने नव्हे, असं काही जण आजही म्हणतात. पिवळ्या तापाने हजारो सैनिक नेले हे खरं आहे. पण ताप उतरून गेल्यावरही ज्यांना समोर उभं राहायचं होतं, ते माजी गुलामच होते. मिशेल-रोल्फ त्रुयो या हैतीच्या इतिहासकाराने १९९५ च्या आपल्या ग्रंथात दाखवलं की ही क्रांती घडत असतानासुद्धा युरोपला ती कल्पनेत मावत नव्हती. गुलाम स्वतःहून राज्य उभं करतील हे मान्य करण्यापेक्षा त्यामागे कुणा बाहेरच्याचा हात शोधणं सोपं होतं. या न मावण्याचा परिणाम लांबवर पोचला. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सज्जनांना, काळ्या लोकांना दास्यातून सोडवल्याबद्दल. ती कृतज्ञता प्रामाणिक होती आणि योग्यही. पण त्याच्या ऐंशी वर्षं आधी, कुणी सोडवण्याची वाट न पाहता स्वतःच्या हाताने बेड्या तोडलेला देश त्या काळच्या जगाच्या वाचनात जवळपास नव्हता, ही गोष्ट मराठी वाचकाने ध्यानात घेण्यासारखी आहे. गुलामाला त्याच्या गुलामीची जाणीव झाली की काय घडतं, याचं त्याहून मोठं उदाहरण त्या शतकात दुसरं नव्हतं.

शहरापासून वीसेक किलोमीटरवर मिलो हे गाव आहे आणि गावाच्या वरच्या अंगाला साँ-सूसी वाड्याच्या भिंती उभ्या आहेत. स्वातंत्र्यानंतर दुभंगलेल्या देशाच्या उत्तर भागाचा राजा आंरी क्रिस्तोफ याने तो १८१३ मध्ये पुरा केला आणि १८४२ च्या भूकंपाने तो मोडला. तिथून वर, समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांवर लाफेरिएरचा किल्ला आहे. रायगडाची उंची माहीत असलेल्या माणसाला हा आकडा परका वाटणार नाही, पण बांधणीचा हेतू वेगळा आहे. फ्रेंच परत येतील, किनाऱ्यावरची शहरं जाळून डोंगरात माघार घ्यावी लागेल आणि तिथून दीर्घ वेढा सोसावा लागेल, या गृहीतावर १८०५ च्या सुमारास हे काम सुरू झालं. म्हणून इथे प्रचंड कोठारं आहेत, पावसाचं पाणी साठवणारे हौद आहेत, आणि फ्रेंच, इंग्रज, स्पॅनिश सैन्यांकडून मिळवलेल्या तोफांचा साठा आहे. युनेस्कोने १९८२ मध्ये हा सगळा परिसर जागतिक वारशात घेतला. किल्ल्यावरून शत्रूवर एकही तोफ डागली गेली नाही, त्यामुळे हा एका वेड्या राजाचा अवाढव्य हट्ट होता असं वर्णन प्रवासी पुस्तकांत वारंवार येतं. मला ते पटत नाही. १८०२ मध्ये ज्यांनी नेपोलियनचं आरमार येताना पाहिलं होतं, त्यांची भीती वेडाची नव्हती. चूक असलीच तर ती शत्रू कोणत्या वाटेने येईल याच्या अंदाजात होती.

शत्रू आला तो १८२५ मध्ये. क्रिस्तोफने पाच वर्षांपूर्वी आत्महत्या केली होती, देश एक झाला होता आणि अध्यक्ष होता बॉयेर. राजा दहाव्या चार्ल्सचं १७ एप्रिलचं फर्मान घेऊन फ्रेंच दूत राजधानीच्या बंदरात उतरला, आणि मागे चौदा युद्धनौकांचा ताफा उभा राहिला. फर्मानाचा आशय असा: हैतीचं स्वातंत्र्य फ्रान्स मान्य करील, पण जुन्या मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी हैतीने १५ कोटी फ्रँक पाच हप्त्यांत द्यावेत. नुकसानीत जमीन होती आणि माणसंही होती. ज्यांनी स्वतःला मुक्त केलं त्यांनी स्वतःची किंमत मालकाला चुकती करायची होती. प्रमाण कळावं म्हणून एक आकडा पुरे. १८०३ मध्ये याच फ्रान्सने अफाट लुइझियाना प्रांत अमेरिकेला ८ कोटी फ्रँकना विकला होता. पहिलाच हप्ता हैतीच्या वार्षिक उत्पन्नाच्या कितीतरी पट होता, म्हणून तो भरायला पॅरिसच्याच सावकारांकडून ३ कोटींचं कर्ज काढावं लागलं. सावकारांनी दलाली आधीच कापली आणि हातात २.४ कोटी ठेवले. १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आणली गेली, तरी हप्ते फेडण्यासाठी कर्ज आणि कर्ज फेडण्यासाठी नवं कर्ज हे चक्र थांबलं नाही. यातून निघालेल्या देण्यांचा शेवट १९४७ मध्ये झाला. हे पैसे आले कुठून? मुख्यतः कॉफीच्या निर्यातशुल्कातून, म्हणजे डोंगरउतारावरच्या छोट्या शेतकऱ्याकडून. राज्य त्याच्याकडून घेत होतं आणि शाळा, रस्ते, दवाखाने यांच्या रूपाने परत देण्यासाठी राज्याकडे फारसं काही उरत नव्हतं. राज्यसंस्थेला वसुलीची सवय लागली आणि सेवेची लागलीच नाही. माझ्या मते आजच्या हैतीचं निदान इथून सुरू होतं.

आता चित्रांकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर लगेच, १८०४ च्या सुरुवातीला, देसालिनच्या हुकमाने देशात उरलेल्या हजारो फ्रेंचांची कत्तल झाली. ती घडली, आणि ती क्रूर होती. पण युरोप-अमेरिकेत वर्षानुवर्षं सांगितली गेली ती तेवढीच गोष्ट. मळ्यांवरचे मृत्यू आणि १८०३ मध्ये फ्रेंच सेनापती रोशांबोने कैद्यांना समुद्रात बुडवून मारलं ते, कथेतून गळालं. गुलाम बाळगणाऱ्या अमेरिकेला हे सोयीचं होतं. तिने १८०६ मध्ये हैतीशी व्यापार बंद केला आणि या देशाला मान्यता दिली ती थेट १८६२ मध्ये, दक्षिणेतली राज्यं फुटून निघाल्यावर. पुढे १८८४ मध्ये स्पेन्सर सेंट जॉन या इंग्रज मुत्सद्द्याचं हैतीवरचं पुस्तक आलं आणि त्यात व्हूडू व नरभक्षण यांच्या ऐकीव कथांनी मोठी जागा व्यापली. पुढच्याच वर्षी काप-आयिस्यें इथे जन्मलेल्या आँतेनोर फिर्मँ याने पॅरिसमध्ये मानववंशांच्या समानतेवर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. वंशश्रेष्ठत्वाच्या तेव्हाच्या 'शास्त्राला' शास्त्रानेच दिलेलं ते उत्तर होतं. सेंट जॉनचं पुस्तक हातोहात वाचलं आणि उद्धृत केलं गेलं. फिर्मँचा ग्रंथ इंग्रजीत यायला २००० साल उजाडलं. सेंट जॉनच्या पुस्तकाने थेट कुणाच्या पदरात काही टाकलं, असा माझा दावा नाही. पण काळ्या माणसाला स्वतःचं राज्य चालवता येत नाही हे वाक्य ज्यांना पुढे वापरायचं होतं, त्यांच्यासाठी पुरावा त्याने आधीच रचून ठेवला.

तो वापरला गेला १९१५ मध्ये. अमेरिकी नौसैनिक हैतीत उतरले आणि १९३४ पर्यंत राहिले. त्याआधी, डिसेंबर १९१४ मध्येच, हैतीच्या राष्ट्रीय बँकेतलं पाच लाख डॉलरचं सोनं सैनिकांनी उचलून न्यूयॉर्कला नेलं होतं. ताबा मिळाल्यावर परक्यांना जमीन घेता येणार नाही हा १८०५ पासूनचा नियम घटनेतून काढला गेला आणि रस्ते बांधण्यासाठी शेतकऱ्यांना वेठीला धरलं गेलं. त्याविरुद्ध उठलेल्या शार्लमान्य पेराल्त याला १९१९ मध्ये मारून त्याचं प्रेत दाराच्या फळीला बांधलं आणि त्याची छायाचित्रं दहशत बसवण्यासाठी वाटली. हैतीच्या लोकांना मात्र त्या छायाचित्रात क्रुसावरचा येशू दिसला, आणि फिलोमे ओबँ या उत्तरेच्याच चित्रकाराने पुढे तो तसाच रंगवला. याच ताब्याच्या काळात, १९२९ मध्ये, विल्यम सीब्रुक या अमेरिकी पत्रकाराचं पुस्तक आलं आणि त्याने झोंबी जगाच्या हाती दिला. १९३२ मध्ये बेला लुगोसीचा 'व्हाइट झोंबी' आला. त्यातली जिवंत प्रेतं साखर कारखान्यात राबतात, हे त्या चित्रपटात नकळत उरलेलं सत्य आहे. कारण हैतीच्या लोककल्पनेतला झोंबी कुणाला खात नाही. मेल्यावरही ज्याला सुटका नाही, ज्याला थडग्यातून उठवून पुन्हा मळ्यावर जुंपलं जातं, तो झोंबी. गुलामीत मरण हीच एक सुटका होती, आणि तीही हिरावली जाण्याचं हे भय आहे. हॉलिवूडने पीडिताला राक्षस केलं. पुढे हैतीचं नावही गळून पडलं आणि उरलेली आकृती जगभर फिरत २०२२ मध्ये 'झोंबिवली'मधून आपल्या डोंबिवलीपर्यंत पोचली. त्या चित्रपटाने गगनचुंबी इमारती आणि वस्ती यांच्यातला पाण्याचा तंटा झोंबींच्या गोष्टीत आणला. म्हणजे कोण कुणाच्या श्रमावर जगतं हा मूळ प्रश्न त्या आकृतीत अजून शिल्लक आहे. फक्त तो कुठून आला हे प्रेक्षकाला कुणी सांगत नाही.

हे जुनं झालं असं म्हणावं तर अलीकडचे दाखले आहेत. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी आरोग्ययंत्रणेने एड्सचा धोका असलेल्या गटांत एका सबंध राष्ट्राच्या लोकांना बसवलं. हैतीचं पर्यटन कोलमडलं. पुढे, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, समुद्रात अडवलेल्या हैतीच्या निर्वासितांपैकी एचआयव्ही आढळलेल्यांना ग्वांतानामोत डांबून ठेवलं गेलं. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपाच्या दुसऱ्याच दिवशी पॅट रॉबर्टसन या दूरचित्रवाणीवरच्या धर्मोपदेशकाने सांगितलं की या लोकांनी सैतानाशी करार केला होता, त्याचं हे फळ. इशारा अर्थात बुआ कायमाँकडे होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॉलरा पसरला आणि त्यात सुमारे दहा हजार माणसं गेली. तो संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या छावणीतून नदीत शिरला होता. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस माफी मागायला २०१६ पर्यंत थांबले. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकी अध्यक्षपदाच्या वादचर्चेत हैतीचे स्थलांतरित ओहायोतल्या लोकांची पाळीव कुत्री-मांजरं खातात असं कोट्यवधी प्रेक्षकांसमोर, पुराव्याविना, सांगितलं गेलं. पुढच्या वर्षी त्याच स्थलांतरितांचं तात्पुरतं संरक्षण काढून घेण्याच्या हालचाली सरकारने सुरू केल्या. सेंट जॉनच्या पानांवरचं नरभक्षण थोडं सौम्य होऊन एकशे चाळीस वर्षांनी परत आलं होतं.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा, की हैतीला हैतीच्याच राज्यकर्त्यांनी बुडवलं आणि मी ते झाकतो आहे. शेजारच्या डॉमिनिकन प्रजासत्ताकाचं उदाहरण इथे नेहमी येतं. तेच बेट, तीच वादळं, अमेरिकी ताबा तिथेही, तरी आज दोन देशांच्या उत्पन्नात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. या आक्षेपाला आणखी धार लावता येईल. १९६० च्या आसपास दोन्ही देशांचं दरडोई उत्पन्न साधारण सारखं होतं, मग १८२५ च्या कर्जाला दोष कसा द्यायचा? उत्तराचा काही भाग मी मान्यच करतो. फ्रांस्वा दुव्हालिए १९५७ मध्ये निवडून आला आणि बापलेकांनी मिळून १९८६ पर्यंत देश ओरबाडला. तोंतों माकूत या खासगी टोळीने हजारो माणसं संपवली, डॉक्टर-शिक्षक-अभियंते देश सोडून गेले. आजच्या टोळ्यांना पोसणारे राजकारणी आणि व्यापारी हैतीचेच आहेत. पण दुव्हालिएने वसुलीचं यंत्र शोधून काढलं नाही. ते त्याला तयार मिळालं. शेतकऱ्याकडून घ्यायचं आणि राजधानीत वाटून खायचं, ही रीत शंभर वर्षं मुरलेली होती. शीतयुद्धात क्यूबाशेजारचा कम्युनिस्टविरोधी म्हणून अमेरिकेने त्याला, मधूनमधून नाक मुरडत, चालवून घेतलं. आणि त्याने काळा कोट, काळी हॅट घालून मृतांचा स्वामी बारों सामदी याचं रूप घेतलं, ते परदेशी भयचित्राचा घरगुती वापरच होता. १९९० च्या दशकात तांदळावरचं आयातशुल्क ३ टक्क्यांवर आणायला लावलं गेलं आणि अनुदानावर पिकलेल्या अमेरिकी तांदळाने आर्तिबोनीत खोऱ्यातला शेतकरी उठवला. त्याबद्दल २०१० मध्ये बिल क्लिंटन यांनी स्वतः खेद व्यक्त केला. तेव्हा कर्जाने सगळं ठरवलं असं मी म्हणत नाही. कर्जाने राज्य पोकळ ठेवलं, आणि पोकळ राज्यावर नंतरचा प्रत्येक घाव खोल गेला, एवढंच म्हणतो.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे आणि तो माझ्यासारख्या प्रवाशालाच उद्देशून आहे. क्रांतीच्या तेजाने दिपून हैतीला वीरगाथा बनवणं हेही एक चित्रच की. आलेहो कार्पेंतियेर या क्यूबाच्या कादंबरीकाराने १९४३ मध्ये हा किल्ला पाहिला आणि १९४९ मध्ये 'या जगाचं राज्य' ही कादंबरी लिहिली. लॅटिन अमेरिकी वाङ्मयातल्या अद्भुताची एक मोठी वाट तिथून निघते. त्याच्या श्रेयाला न दुखावताही म्हणता येतं की अद्भुत आणि भयानक ही दोन्ही विशेषणं हैतीला जगाच्या नेहमीच्या नियमांबाहेर ठेवतात. त्रुयोचा इशारा नेमका हाच होता. आणि किल्ल्याच्या दगडांकडे पाहताना विसरता येत नाही की ते वेठीने वाहिले गेले. माजी गुलामांना स्वतंत्र राजाने पुन्हा कामाला जुंपलं. साँ-सूसी हे नाव एका कर्नलचंही होतं. फ्रेंचांविरुद्ध लढलेल्या त्या माणसाला क्रिस्तोफने मारलं आणि त्याचं नाव वाड्याच्या झगमगाटाखाली गाडलं गेलं, असं त्रुयोने दाखवलं आहे. म्हणून हैतीचं खरं यश मी किल्ल्यात शोधत नाही. मळे मोडून वाटून घेतलेल्या छोट्या जमिनींत, अनेक घरं एका अंगणाभोवती बांधणाऱ्या 'लाकू' वस्तीत, आणि क्रेओल भाषेत ते आहे. मालकांच्या राज्यात जिथे माणसांची संख्या आयातीशिवाय टिकत नव्हती, तिथे स्वातंत्र्यानंतरच्या शतकात, फ्रेंचांचे हप्ते भरूनसुद्धा, लोकसंख्या कित्येक पटींनी वाढली. १ जानेवारीला घरोघर भोपळ्याचं सूप करतात. गुलामांना भोपळा पिकवता येई, सूप पिता येत नसे, अशी तिथली परंपरा सांगते. युनेस्कोने २०२१ मध्ये त्याची नोंद घेतली. या यशावर चित्रपट निघत नाहीत, कारण त्यात दाखवायला ना राक्षस आहे ना राजा.

१७ एप्रिल २०२५ ला, त्या फर्मानाला बरोबर दोनशे वर्षं झाली त्या दिवशी, फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन यांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचं संयुक्त मंडळ नेमण्याची घोषणा केली. परतफेडीचं आश्वासन त्यात नव्हतं. २००३ मध्ये हैतीचे अध्यक्ष आरिस्तीद यांनी २१ अब्ज डॉलरहून मोठी रक्कम मागितली होती आणि वर्षभरात ते सत्तेवरून गेले होते. त्यामानाने हे पाऊल पुढचं आहे, आणि आकड्यांचा हिशोब ते मंडळ कदाचित लावेलही. चित्रांचा हिशोब मात्र कुठल्याही मंडळाच्या कक्षेत येत नाही, तो वाचकांनी आणि प्रवाशांनी करायचा आहे. लाबादीला बोटीतून उतरणाऱ्या पर्यटकांना वर्षानुवर्षं कुंपणाआतला समुद्र दाखवला गेला आणि त्याच डोंगररांगेमागचा किल्ला नाही. आपल्यापर्यंत येणारी हैतीची बातमीही बहुधा अशीच कुंपण घालून येते. तिथली पुढची भयाण बातमी येईल तेव्हा ती खोटी आहे असं समजण्याचं कारण नाही, टोळ्या खऱ्या आहेत आणि उपासमारही खरी आहे. फक्त ती सांगणारा कोण, आणि हे सांगून झाल्यावर हैतीकडून काय मागितलं किंवा हैतीला काय नाकारलं जाणार, एवढं विचारून ठेवावं. गेल्या दोनशे वर्षांत हा प्रश्न विचारणाऱ्याचा अंदाज फारसा चुकला नसता.